‘यात रॅम वाढत नाही, मॅडम’

पत्राचा सारांश

वाचक घरूनच पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करून देतात. टेबल लहान, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी तळहाताएवढा डेस्कटॉप घेतला, ८ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू कामाचं सामान हाताशी ठेवणारी मेमरी). ‘एवढी पुष्कळ झाली, पुढे लागली तर वाढवू,’ असं विकणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं. गेले सहा महिने तो अडकायला लागला आहे. मुखपृष्ठाची फाइल उघडून ब्राउझरकडे गेलं की परत येईपर्यंत खिडकी पांढरी पडते. दुरुस्तीवाल्याने खालचे रबरी पाय सोडवले, चार स्क्रू काढले, आत डोकावला आणि म्हणाला, ‘यात रॅम वाढत नाही, मॅडम. बोर्डावरच आहे.’ दीर या विषयातले जाणकार. त्यांनी तेव्हाच मोठं कॅबिनेट घ्यायला सांगितलं होतं आणि आता भेटतील तेव्हा तेच ऐकवतात. नवीन यंत्र घ्यायचं ठरलं आहे. समोर दोन पर्याय आहेत. पहिला छोटा, नव्या पिढीचा, १६ जीबीचा, रॅम न वाढणारा. दुसरा जरा जाड, एक पिढी मागच्या प्रोसेसरचा, रॅमच्या काढता-घालता येणाऱ्या ८ आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवलेला. मुलगा पहिला घे म्हणतो, दीर दुसरा. वाचक विचारतात: ‘मला पुन्हा फसायचं नाही. रॅम न वाढणारं यंत्र घेणं हा मूर्खपणाच ना? आणि जुन्याचं काय करू?’

उत्तर

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. चार पानांत ‘फसले’ हा शब्द पाच वेळा आला आहे आणि ‘मोजलं’ एकदाही नाही. रागावू नका, मीही अशीच होते. यंत्र अडकलं, मेकॅनिकने झाकण उघडून मान हलवली, घरातल्या कोणी ‘मी सांगितलं नव्हतं का’ म्हटलं, की आपण गुन्हेगार शोधायला लागतो. रॅम तुमच्याकडे कमी असेलही. माझा अंदाजही तोच आहे. पण अंदाजावर नवीन यंत्र घ्यायचं, तर मागच्या वेळी विकणाऱ्याच्या अंदाजावर घेतलं त्यापेक्षा वेगळं काय केलं?

म्हणून आधी आठवडाभर एक कागद टेबलावर ठेवा. तुमचं यंत्र कोणत्या प्रणालीवर चालतं ते तुम्ही लिहिलं नाही, तेव्हा दोन्हीकडचं सांगते. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर या. मॅक असेल तर ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडून त्यात मेमरीचा टॅब. पण हे सकाळी यंत्र सुरू केल्या केल्या बघू नका, तेव्हा कुठलंही यंत्र शहाणंच वागतं. पुस्तकाची फाइल, मुखपृष्ठ, ब्राउझरमधले नेहमीचे पंधरा टॅब आणि प्रकाशकाशी बोलायचं व्हॉट्सअ‍ॅप असं सगळं उघडं असताना, खिडकी पांढरी पडते त्या क्षणी बघा आणि आकडे त्या कागदावर लिहा.

‘मेमरी ९० टक्के भरली’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, हे आधी समजून घ्या. रिकामी रॅम हा दागिना नव्हे. उरलेल्या जागेत प्रणाली नुकत्याच वापरलेल्या फाइली धरून ठेवते आणि गरज पडली की ती जागा लगेच मोकळी करते. मॅकवर बघायचा तो ‘मेमरी प्रेशर’चा आलेख. हिरवा असेल तर रॅमची तक्रार नाही. पिवळा किंवा लाल होत असेल आणि खाली ‘स्वॅप यूज्ड’पुढे काही जीबी दिसत असतील, तर आहे. विंडोजवर ‘कमिटेड’पुढे दोन आकडे असतात. त्यातला पहिला तुमच्या प्रत्यक्ष रॅमच्या बराच वर जात असेल, आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख छताला टेकत असेल, तर रॅम तोकडी पडते आहे असं धरा.

स्वॅप म्हणजे रॅममध्ये न मावणारं सामान एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कवर, नेऊन ठेवणं. टेबलावरचा कागद उचलणं आणि माळ्यावरची ट्रंक उतरवणं यात जेवढा फरक, तेवढा इथे आहे. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या काहीशे ते हजारपट. एकदोन ट्रंका उतरवल्या तर कळतही नाही. प्रत्येक क्लिकला उतरवायची वेळ आली की तुमची खिडकी पांढरी पडते.

आणि आलेख हिरवाच राहिला तर? मग दोष दुसरीकडे आहे. एसएसडी काठोकाठ भरलेली असेल, पंख्याच्या जाळीत चार वर्षांची धूळ बसून प्रोसेसर तापत असेल आणि तापला की स्वतःहून मंद होत असेल. ही दुरुस्ती एका संध्याकाळची आहे. तुमच्या दुरुस्तीवाल्याने आत डोकावला तेव्हा पंखा पुसला का, हे पत्रात नाही.

तुमच्या कामाचा एक हिशोब मात्र मी इथे बसून करू शकते. ए ४ आकाराचं, ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपक्यांचं) चित्र म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, सुमारे ८७ लाख. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेल्या एका थराला सुमारे ३५ एमबी लागतात. मुखपृष्ठात असे वीस थर झाले की ७०० एमबी. शिवाय ‘मागे घ्या’ म्हटल्यावर मागे जाता यावं म्हणून सॉफ्टवेअर जुन्या अवस्था जपून ठेवतं, त्या वेगळ्या. पुढचं, कणा आणि मागचं असं सलग मुखपृष्ठ करत असाल तर हे दुप्पट. त्याच्या शेजारी ब्राउझर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या छोट्या डब्यांत पडद्यावरचं चित्र उमटवायलाही याच रॅममधला वाटा जातो. ८ जीबीत हे सगळं बसवताना यंत्राला दम लागला तर नवल नाही. चार वर्षं रेटलं याचंच मला कौतुक आहे. प्रणाली रॅममधला मजकूर दाबून लहान करत राहतात (मॅक २०१३ पासून, विंडोज २०१५ पासून), त्याचीही ती कृपा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. न वाढणारी रॅम घेणं मूर्खपणा आहे का?

भाऊजींचं, म्हणजे तुमच्या दिरांचं, म्हणणं असं दिसतं की कंपन्या रॅमला डाख देतात, म्हणजे ती बोर्डाला कायमची चिकटवतात, ती निव्वळ लबाडी, नंतर आपण बाहेरून स्वस्त पट्टी आणू नये म्हणून. हे अर्धं खरं आहे आणि ते अर्धं सिद्धही करता येतं. ॲपलच्या मॅक मिनी नावाच्या एकाच डब्याची गोष्ट घ्या. २०१२च्या डब्याचं खालचं गोल झाकण दोन अंगठ्यांनी फिरवलं की निघायचं आणि रॅमच्या पट्ट्या समोर दिसायच्या. २०१४ मध्ये डबा बाहेरून तसाच राहिला, रॅम मात्र बोर्डाला चिकटली. २०१८ मध्ये पट्ट्या परत आल्या. उघडायला कटकटीचा होता, पण ६४ जीबीपर्यंत नेता यायचा. जे २०१४ मध्ये ‘शक्य नव्हतं’ ते चार वर्षांनी शक्य झालं, म्हणजे ती निसर्गाची अडचण नव्हती, कोणीतरी घेतलेला निर्णय होता. स्वस्तातल्या बऱ्याच छोट्या डब्यांतही हेच दिसतं. आत पट्टी बसेल एवढी जागा असते, तरी खर्च वाचवायला चिप बोर्डावरच लावून टाकतात.

पण २०२० नंतर गोष्टीला वेगळं वळण लागलं. त्या वर्षीच्या, ॲपलच्या स्वतःच्या एम १ प्रोसेसरच्या मॅक मिनीत रॅमच्या चिप प्रोसेसरच्या अगदी अंगाला, एकाच पॅकेजवर आल्या. यात वेगाचं कारण खरोखर आहे. विजेचा संकेत जितका लांब जाईल आणि वाटेत जितके सांधे लागतील तितका तो विस्कटतो, आणि वेग वाढवला की विस्कटणं वाढतं. डीडीआर ४ या पिढीच्या, ३२०० वेगाच्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ५१.२ जीबी माहिती हलवू शकतात. डीडीआर ५ च्या ५६०० वाल्या दोन असल्या तर ८९.६ जीबी. मॅक मिनीचा साधा एम ४ हाच आकडा १२० वर नेतो आणि एम ४ प्रो २७३ वर. भाऊजींना याहून पटेल असं उदाहरण म्हणजे फ्रेमवर्क. सगळे भाग बदलता येणारे लॅपटॉप यावरच या कंपनीचं नाव झालं. तिने २०२५ मध्ये छोटा डेस्कटॉप आणला आणि त्यात रॅमला डाख दिला. त्यातल्या एएमडीच्या प्रोसेसरचा सेकंदाला २५६ जीबीचा वेग पट्ट्या लावून टिकवता येतो का हे एएमडीच्या अभियंत्यांकडून तपासून घेतलं आणि जमत नाही असं निघालं, असं त्यांनी जाहीर सांगितलं. दुरुस्तीचा झेंडा घेऊन उभे राहिलेले लोक हे सांगतात तेव्हा त्याला निव्वळ लबाडी म्हणता येत नाही.

तेव्हा ‘डाख दिलेली का’ यापेक्षा ‘त्या बदल्यात मला काय मिळतंय’ हे विचारा. ज्याला चलचित्रांचं भारी संकलन करायचंय, किंवा एआयची मोठी मॉडेलं स्वतःच्याच यंत्रावर चालवायची आहेत, त्याला तो वेग सोन्यासारखा. पुस्तकाची मांडणी आणि थरांचं मुखपृष्ठ करणाऱ्या बाईला? वेगाचा थोडा उपयोग होईल, पण खरी गरज जागेची आहे. नवा प्रोसेसर चटपटीत वाटेल हे खरं, ते मी नाकारत नाही. पण मुलगा ज्या वेगाकडे बघून पहिला डबा घे म्हणतोय त्यातला बराचसा तुमच्या कामात बसून राहील.

भाऊजींच्या बाजूचाही एक धागा उसवायला हवा. ‘पट्टीची सोय असली की पुढे वाढवता येते.’ किती जण वाढवतात? माझंच सांगते. माझ्याकडे एक उंच कॅबिनेट होतं. पट्ट्यांसाठी चार स्लॉट, त्यातले दोन रिकामे, आणि त्या रिकाम्या दोनांच्या भरवशावर मी ते घेतलं होतं. सात वर्षं त्यांत धूळ बसली. शेवटी एकदा पट्टी आणलीच. कॅबिनेट आडवं करून, दिव्याखाली वाकून, ती स्लॉटवर धरली तर खाच जुळेना. मी डीडीआर ४ ची पट्टी आणली होती आणि बोर्ड डीडीआर ३ चा. प्रत्येक पिढीची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवतात, चुकीची बसू नये म्हणून. मला ती कंपनीची चूक वाटली आणि मी दोनदा जोर लावून पाहिला. बोर्ड वाचला हे नशीब. योग्य पट्टी शोधेपर्यंत लक्षात आलं की प्रोसेसरच आता मागे पडलाय. नवी रॅम म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी घुंगरं.

रिकामा स्लॉट ही सोय आहे, पण तिला मुदत असते. बोर्डाची कमाल मर्यादाही असते, दुकानात ६४ जीबीची जोडी मिळते म्हणून तुमचा बोर्ड ती ओळखेलच असं नाही. आणि ‘रॅम पुढे स्वस्तच होते’ हा आपल्या सगळ्यांचा जुना विश्वास २०२५च्या शेवटी चांगलाच हलला. एआयच्या डेटा सेंटरनी चिप उचलायला सुरुवात केली, किमती झपाट्याने चढल्या, आणि डिसेंबरात मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने घरगुती ग्राहकांना पट्ट्या विकणारा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नंतर वाढवू म्हणून थांबणाऱ्यांना त्या वर्षी थांबणं महाग पडलं.

मग तुम्ही काय घ्यावं?

आठवड्याच्या कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा घ्या. समजा, गर्दीच्या वेळी रॅम ७.५ जीबी भरली आणि स्वॅप ५ जीबी दिसला. म्हणजे तुमचं काम आजच १२.५ जीबी मागतंय. हा हिशोब ढोबळ आहे, स्वॅपमधलं सगळंच सामान त्या क्षणी लागत नसतं, पण खरेदीसाठी ढोबळच हवा. पुढच्या पाचसहा वर्षांत सॉफ्टवेअर जड होणारच, म्हणून त्यावर निम्मी भर घाला. जवळपास १९ जीबी. अशा वेळी १६ जीबीचा न वाढणारा डबा घेणं म्हणजे चार वर्षांपूर्वीचीच गोष्ट नव्या खोक्यात. न वाढणारा घ्यायचाच असेल तर २४, नाहीतर ३२. त्यासाठी पैसे काढायचे कुठून, तर एसएसडीमधून. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते, कारण उलटी चूक फार जण करतात: साठवण दुप्पट घेतात आणि रॅम सगळ्यात खालच्या पायरीची. साठवण बाहेरून यूएसबी-सीने जोडता येते, बऱ्याच डब्यांत आतही एम.२ चा, म्हणजे आणखी एक एसएसडी बसवायचा, स्लॉट असतो. रॅम बाहेरून जोडता येत नाही. जुन्या पुस्तकांच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर गेल्या तर तुमचं काहीही अडत नाही.

कंपन्या या पायऱ्यांचे पैसे अव्वाच्या सव्वा लावतात, याबद्दल मात्र मी भाऊजींच्या रांगेत उभी आहे. १६ वरून ३२ वर जायला जेवढे मागतात, त्यात कधी कधी आख्खा दुसरा डबा येतो. स्लॉट नसल्यामुळेच त्यांना तसं मागता येतं.

तो हिशोब बसत नसेल, म्हणजे ३२ जीबीचा न वाढणारा डबा परवडत नसेल आणि १६ चाच परवडत असेल, तर दुसरा डबा घ्या, दीर म्हणतात तो. तुमच्या पत्रावरून मला वाटतं गोष्ट इथेच येणार आहे. एक पिढी मागचा प्रोसेसर मांडणीला पुरेल. फक्त एक अट घाला. त्यात ८ आणि ८ च्या दोन पट्ट्या आहेत, म्हणजे दोन्ही स्लॉट भरलेले. उद्या ३२ करायचे तर दोन्ही काढून टाकाव्या लागतील. त्याऐवजी १६ ची एकच पट्टी मागा आणि एक स्लॉट रिकामा ठेवा. एकट्या पट्टीने रॅमचा वेग निम्म्यावर येतो, कारण दोन रस्त्यांऐवजी एकच वापरात राहतो. खेळ खेळणाऱ्याला ते जाणवेल, तुम्हाला फारसं नाही. आणि सवड झाली की पहिल्याच वर्षात दुसरी १६ ची आणा. माझ्यासारखी सात वर्षं थांबू नका. छोट्या डब्यातली पट्टी लॅपटॉपला लागते तीच, ‘सोडिम’ म्हणतात. ती तिरकी सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिप टकटक वाजल्या की बसली. त्याआधी वीज काढा आणि हात एखाद्या धातूला लावा.

छोटा म्हणजे न वाढणाराच, हा तुमच्या पत्रातला समजही सोडून द्या. कचेऱ्यांसाठी बनणारे लेनोवो, एचपी, डेलचे एक लिटरभर आकाराचे डबे बहुतेक दोन सोडिम स्लॉटचेच असतात. इंटेलच्या एनयूसी मालिकेतले बहुतेक तसेच होते, ती मालिका २०२३ पासून आसूसकडे आहे. त्यामुळे रॅम वाढवता यावी म्हणून लहान टेबलावर मोठं कॅबिनेट आणायची गरज नाही.

घेण्याआधी ओळखायचं कसं? विकणाऱ्याला ‘वाढते का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर तुम्ही एकदा ऐकलं आहे. नेमका मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्या तपशिलात रॅमपुढे काय लिहिलंय ते वाचा. ‘सोडिम’ असेल तर पट्टी. ‘ऑनबोर्ड’, ‘सोल्डर्ड’ किंवा ‘युनिफाइड’ असेल तर कायमची. ‘एलपीडीडीआर’ असेल तरीही जवळजवळ नेहमीच कायमची. याला अपवाद ठरेल अशी एलपीकॅम २ नावाची बदलता येणारी पट्टी निघाली आहे, पण ती अजून मोजक्याच यंत्रांत दिसते आणि नाव स्पष्ट छापलेलं असतं. काही यंत्रांत निम्मी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट असाही प्रकार असतो, तोही वाईट नाही. चालू यंत्र समोर असेल तर विंडोजच्या त्याच मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. तिथे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर डाख दिलेली समजा. त्याच्याजवळच्या ‘स्लॉट्स यूज्ड’वर विसंबू नका, डाख दिलेल्या चिपही तिथे स्लॉट म्हणून मोजल्या जातात. ‘आठपैकी आठ’ वाचून आठ स्लॉट शोधत बसलेले लोक मी पाहिलेत.

न वाढणारा डबा घेतलाच तर वॉरंटी जितकी लांब मिळेल तितकी घ्या. पट्टी बिघडली तर पट्टी बदलते. बोर्डावरची चिप बिघडली तर बोर्ड जातो.

राहिला जुना डबा. कोणी ‘चिप बदलून १६ करून देतो’ म्हणालं तर हात जोडा. तसं करणारे कारागीर आहेत, पण चिपखालचे मोहरीहून बारीक शेकडो सांधे गरम हवेने सोडवून पुन्हा जुळवायचे असतात, आणि एक चुकला तरी यंत्र गेलं. पेनड्राइव्ह लावून रॅम वाढते हेही ऐकाल. विंडोज व्हिस्टाच्या काळातली ती युक्ती फिरत्या हार्ड डिस्कसाठी होती, एसएसडीच्या यंत्रात तिचा उपयोग नाही. ‘रॅम साफ करणारी’ अ‍ॅप काढून टाका. ती प्रणालीने जपून ठेवलेलं सामान फेकतात आणि प्रणाली ते पुन्हा आणत बसते.

खरा फरक पडतो तो साध्या गोष्टींनी. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘मेमरी सेव्हर’ चालू करा, न बघितलेले टॅब झोपतील. यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी छाटा. एसएसडीचा पाचवा भाग तरी मोकळा ठेवा. मांडणीत चित्रं चिकटवण्याऐवजी जोडून ठेवा आणि काम करताना त्यांची कमी दर्जाची झलक दाखवायला सांगा. मुखपृष्ठ आणि आतली पानं एकाच वेळी उघडी ठेवायचा मोह टाळा. एवढ्याने नवीन यंत्र येईपर्यंतचे महिने निघतील. क्वचित खरेदी वर्षभर पुढेही जाईल.

नवा डबा आल्यावर जुना मुद्रितं वाचायला ठेवा. पीडीएफ, शब्दकोश आणि दोन टॅब यांना ८ जीबी भरपूर आहेत. किंवा बाहेरचा ड्राइव्ह लावून रोजच्या बॅकअपचं काम त्याच्याकडे द्या. भाऊजींना हौस असेल तर त्यांच्याकडून त्यावर हलकी लिनक्स प्रणाली बसवून घ्या, तेवढा वेळ तरी टोमणे थांबतील.

आणि विकायलाच काढलात, तर आधी सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, डिस्क पुसा, आणि जाहिरातीत किमतीच्याही आधी एक ओळ लिहा: ‘रॅम ८ जीबी, वाढत नाही.’ तुमच्या हातात ही ओळ चार वर्षांपूर्वी कोणी दिली नव्हती.